जुना मोबाईल टाकून देऊं नये

पावसाळा लागला कीं प्राणहिता व गोदावरी यांच्या कांठच्या आमच्या सिरोंचा तालुक्यांत शेतकऱ्याच्या जिवाला घोर लागतो. सन 2022 च्या जुलैंतील पूर वाचकांच्या स्मरणांत असेलच. नुकसानीची गोष्ट निघाली म्हणजे पहिला प्रश्न येतो, शेतांत कोणतें पीक होतें? त्याचें उत्तर गांव नमुना बारामध्यें पाहतात.

पूर्वीं ही नोंद तलाठी करीत. आमचा जन्म महसूल खात्यांत लेखणी घासण्यांत गेला, म्हणून कोऱ्या रकान्याची किंमत आम्ही जाणतों. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यांत ई-पीक पाहणी सुरू झाली, व खातेदारानें स्वतः शेतांत उभें राहून मोबाईलनें पिकाचें छायाचित्र घेण्याची वहिवाट पडली. परंतु घरांतला चांगला मोबाईल मुलाबरोबर शिक्षणासाठीं परगांवीं जातो. पेटींत उरतो तो जुना. तोच कामास लावावा, एवढ्यासाठीं हा लेखनप्रपंच.

खर्च करण्यापूर्वीं त्या मोबाईलवर पाहणीचें ॲप उतरतें कीं नाहीं, हें पाहावें. उतरत असेल तरच पुढील उपाय करावे.

पहिली गोष्ट बॅटरी. लिथियमची बॅटरी सुमारें 300 ते 500 वेळां पूर्ण भरून रिती झाली कीं तिची धारणशक्ति घटूं लागते. उष्णतेनें ती अधिकच लवकर खचते. बॅटरी फुगून मोबाईलची पाठ उचलली असेल, तर तो क्षणभरही चार्जिंगला लावूं नये, दाबूं नये, भोंसकूं नये. ती पेट घेऊं शकते. आम्हीं स्वतः एकदां असा मोबाईल वजनाखालीं ठेवून सपाट करण्याचा उद्योग केला. निभावलें तें दैवानें, शहाणपणानें नव्हे. जाणत्या कारागिराकडून नवी बॅटरी बसवून घ्यावी.

दुसरी गोष्ट चार्जरचें छिद्र. त्यांत धूळ व खिशांतील तंतू दाटतात. मोबाईल बंद करून बारीक लांकडी काडीनें ते हलकेच काढावे. सुई घालूं नये.

तिसरी गोष्ट जागा. जागा भरली कीं यंत्र मंदावतें. छायाचित्रें दुसरीकडे उतरून ठेवावीं, जुनें गूगल खातें काढावें व मगच रिसेट करावें. खातें न काढल्यास मोबाईल सुरू होतांना तेंच खातें व पासवर्ड मागून अडून बसतो.

त्यानंतर पीक पाहणी, हवामानाचें मेघदूत व विजेची सूचना देणारें दामिनी एवढींच ॲपें ठेवावीं. शेताचें स्थान उपग्रहावरून कळतें. त्यास रेंज लागत नाहीं. पीक पाहणीची माहिती मात्र रेंजमध्यें आल्यावर आठवणीनें पाठवावी. दामिनीची सूचना येण्यासही रेंज हवी, हें विसरूं नये.

एक पथ्य कडकडीत पाळावें. कांहीं वर्षांनीं कंपनी जुन्या मोबाईलची सुरक्षेची सुधारणा थांबविते, म्हणून त्यावर बँकेचा व्यवहार करूं नये.

पाहणीची मुदत संपण्याच्या दिवशीं पेटी उघडण्यापेक्षां, रोवणीपूर्वींच हें काम उरकावें, ही आमची विनंति आहे.