बक्षीस जरूर ठेवा, पण पेज गमावू नका

ईद जवळ आली की आपल्या दुकानदार बांधवांच्या जाहिराती मोबाईलवर झळकू लागतात : ‘ही पोस्ट शेअर करा, पाच मित्रांना टॅग करा आणि बक्षीस जिंका.’ फेसबुकच्या नियमांत नेमकी हीच अट बसत नाही.

स्पर्धा धंद्याच्या पेजवर खुशाल घ्यावी. 2013 पासून त्यासाठी वेगळे अ‍ॅपही लागत नाही. पोस्ट लाइक करणे किंवा खाली उत्तर लिहिणे, ही अट चालते. मात्र स्वतःच्या वा मित्राच्या टाइमलाइनवर शेअर करण्याची सक्ती चालत नाही. इन्स्टाग्रामवरही, जो फोटोत नाही त्याला फोटोत टॅग करायला सांगू नये. नियम मोडल्यास पोस्ट काढली जाते, प्रसंगी पेजही बंद होते; मग वर्षानुवर्षे जोडलेले गिऱ्हाईक एका दिवसात तुटते.

समजा, जरीकाम करणाऱ्या कारागिराने नव्या नक्षीला नाव सुचवायला सांगितले. त्याच पोस्टमध्ये त्याने शेवटची तारीख, भाग कोणी घ्यावा, विजेता कसा निवडणार आणि बक्षीस काय, हे लिहावे. ‘ही स्पर्धा फेसबुकने पुरस्कृत केलेली नाही, फेसबुकवर तिची जबाबदारी नाही’ ही ओळही आवश्यक आहे.

निकाल त्याच पेजवर जाहीर करावा. बक्षीस योजनेचा निकाल दडवणे ही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. पैसे घेऊन सोडत काढणे तर टाळावेच. ती लॉटरी ठरू शकते. बक्षीस मोठे असेल तर आधी वकिलाचा सल्ला घ्यावा, असे आम्ही सुचवू.