दृश्य पुन्हा मिळते, आवाज मिळत नाही : काशीच्या घाटांवरून चित्रफीतनिर्मितीची मूलतत्त्वे

वाराणसी : ब्रह्माघाटाच्या पायऱ्यांवर उभे राहून कॅमेरा कोठेही रोखला, तरी चित्र मिळते. गंगेचे पात्र, पलीकडची वाळू, नावांची रांग, दगडी भिंती. आवाजाचे तसे नाही. नावांची इंजिने, मंदिरांतील घंटा, ध्वनिक्षेपकावरील भजने आणि गल्लीतील दुचाकींचे भोंगे यांच्या गदारोळात एका वृद्ध व्यक्तीचे बोलणे स्वच्छ टिपणे हे कसबाचे काम आहे. मोबाइलमुळे चित्रीकरण प्रत्येकाच्या हाती आले. ध्वनिमुद्रणाची जाण मात्र त्या वेगाने पसरलेली नाही.

ब्रह्माघाट, दुर्गाघाट आणि पंचगंगा घाटाचा हा परिसर काशीतील मराठी वस्तीचा जुना पट्टा आहे. पेशवाईच्या काळात येथे वाडे उभे राहिले. वैदिक, पुरोहित आणि शास्त्री घराणी स्थिरावली. कोकणी भाषक गौड सारस्वत समाजाचा काशी मठही ब्रह्माघाटावरच आहे. पिढ्यान्‌पिढ्या हिंदी आणि भोजपुरीच्या शेजारात राहिलेली मराठी, घरोघरची वेदपठणाची परंपरा आणि वाड्यांतील आठवणी यांची नोंद आता बहुधा घरातील तरुणांच्या मोबाइलवरच होणार आहे. ती पन्नास वर्षांनी उपयोगी पडेल की नाही, हे काही साध्या तांत्रिक गोष्टींवर ठरते. ध्वनी, दृश्य आणि कथन या तिन्ही अंगांची ही ओळख.

काशीची एक कथा, दोन तंत्रे

चित्रपटात आवाज आल्याने काय बदलले, हे समजून घेण्यासाठी काशीचीच एक कथा हाताशी आहे. राज्य गमावलेला हरिश्चंद्र काशीत येतो, पत्नी आणि पुत्राला विकतो आणि स्मशानात चाकरी पत्करतो. दादासाहेब फाळके यांनी ही कथा ‘राजा हरिश्चंद्र’ या मूकपटात मांडली. ३ मे १९१३ रोजी तो मुंबईच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये प्रदर्शित झाला. तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या पुरुष नटाने केली होती. आवाज नसल्याने ते निभावून गेले. संवादांची जागा पडद्यावरील पाट्यांनी घेतली आणि भावना हावभावांतून पोहोचवावी लागली.

फाळके यांचा काशीशी पुढे प्रत्यक्ष संबंध आला. हिंदुस्थान फिल्म कंपनीतील मतभेदांनंतर ते काही काळ सहकुटुंब काशीत राहिले आणि तेथे त्यांनी ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले. मूकपटाचा जनक शब्दप्रधान माध्यमाकडे वळला, तो याच नगरीत.

हीच कथा १९३२ मध्ये प्रभात फिल्म कंपनीने ‘अयोध्येचा राजा’ या नावाने पुन्हा सांगितली. दिग्दर्शक होते व्ही. शांताराम, हरिश्चंद्र गोविंदराव टेंबे आणि तारामती दुर्गा खोटे. हा पहिला मराठी बोलपट. पार्श्वगायनाचे तंत्र अद्याप आलेले नसल्याने कलावंतांना कॅमेऱ्यासमोरच गावे लागे. नट कोठे उभा राहील, हे आता मायक्रोफोनची जागा पाहून ठरू लागले. आवाज आला आणि चित्रीकरणाची सारी शिस्त बदलली.

चित्राचा वेगही ध्वनीनेच निश्चित केला. मूकपटाच्या काळात कॅमेरा हाताने फिरवला जाई आणि सेकंदाला साधारण १६ चौकटी टिपल्या जात. वेग थोडा कमी-जास्त झाला तरी प्रेक्षक ते चालवून घेत. बोलपटात ध्वनिपट्टी फिल्मच्या कडेवर मुद्रित होऊ लागली आणि वेगात किंचित फरक पडला तरी सूर चढू वा उतरू लागला. डोळा जे माफ करतो, ते कान माफ करत नाही. म्हणून सेकंदाला २४ चौकटींचा स्थिर वेग रूढ झाला, तो आजही चित्रपटांचा प्रमाणवेग आहे.

ध्वनी : अंतराचे गणित

ध्वनिमुद्रणातील पहिला नियम अंतराचा आहे. मोकळ्या जागेत बोलणारा आणि मायक्रोफोन यांतील अंतर दुप्पट झाले, की आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलने घटते. मायक्रोफोन तोंडापासून १५ सेंटिमीटरवर असेल आणि तो १२० सेंटिमीटरवर नेला, तर अंतर तीनदा दुप्पट होते. म्हणजे पातळी सुमारे १८ डेसिबलने उतरते. नदीवरील इंजिनाचा आवाज मात्र तेवढाच राहतो. समोर धरलेल्या मोबाइलमधील मुलाखत अस्पष्ट का येते, याचे उत्तर येथे आहे. महागडा कॅमेरा हा दोष दूर करू शकत नाही. मायक्रोफोन जवळ नेणे हाच उपाय.

कॉलरला लावायचा छोटा माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावल्यास प्रश्न बराचसा सुटतो. तो नसेल, तर दुसरा मोबाइल ध्वनिमुद्रक म्हणून बोलणाऱ्याच्या जवळ ठेवता येतो. दोन्ही यंत्रे सुरू झाल्यावर कॅमेऱ्यासमोर एकदा टाळी वाजवावी. हात मिळाल्याची चौकट आणि टाळीचा ठोका संकलनात एकमेकांशी जुळवला, की ओठ आणि शब्द एकत्र चालतात. चित्रपटांतील ‘क्लॅप’चे मूळ काम हेच.

दुसरी अडचण दगडाची. घाटावरील उंच भिंती आणि अरुंद गल्ल्या आवाज परत फेकतात. मूळ शब्दावर त्याचेच प्रतिध्वनी चढले, की अक्षरांच्या कडा पुसट होतात. म्हणून मुलाखतीसाठी गाद्या, पडदे, कपड्यांची कपाटे असलेली खोली निवडावी. मऊ वस्तू ध्वनी शोषून घेतात. बाहेरच बोलायचे असेल, तर वाऱ्यासाठी माइकवर फोमचे किंवा केसाळ कापडाचे आवरण हवे.

ध्वनीला प्रवासालाही वेळ लागतो. साधारण २० अंश तापमानाला हवेत त्याचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो. १०० मीटर अंतरावर पायरीवर कपडे आपटणारा माणूस नावेतून टिपला, तर आवाज सुमारे ०.२९ सेकंद उशिरा पोहोचतो. सेकंदाला २५ चौकटींच्या चित्रणात ही सात चौकटींची तफावत झाली. दूरच्या दृश्याला जवळून मुद्रित केलेला आवाज जोडताना हे अंतर ठेवायचे की पुसायचे, हा निर्णय संकलकाला जाणीवपूर्वक घ्यावा लागतो.

‘ळ’ टिकला पाहिजे

माणसाचे कान साधारण २० ते २०,००० हर्ट्‌झपर्यंतची कंपने ऐकतात. ध्वनी अंकीय रूपात साठवताना सर्वोच्च कंप्रतेच्या दुपटीहून अधिक वेळा दर सेकंदाला त्याचे मोजमाप घ्यावे लागते. म्हणून चित्रफितींसाठी सेकंदाला ४८,००० नमुन्यांचे प्रमाण रूढ आहे. प्रत्येक नमुना किती बारकाईने मोजला, हे ‘बिट’ सांगतात. एका बिटला सुमारे ६ डेसिबल या हिशेबाने १६ बिटमध्ये ९६, तर २४ बिटमध्ये तत्त्वतः १४४ डेसिबलचा पल्ला मिळतो. कुजबूज आणि शंखनाद एकाच मुद्रणात यायचे असतील, तर हा पल्ला कामी येतो.

हे आकडे भाषेच्या दृष्टीने निर्जीव नाहीत. बोलण्यातील जोर मुख्यतः स्वरांत आणि खालच्या कंप्रतांत असतो. शब्दाची ओळख मात्र बऱ्याच अंशी व्यंजनांवर आणि वरच्या कंप्रतांवर अवलंबून असते. ‘स’ आणि ‘श’, ‘चार’मधील आणि ‘चमचा’मधील ‘च’ हे भेद तेथेच राहतात. दूरचा माइक आणि फाइलचे अतिरेकी आकुंचन यांत प्रथम हेच हरवते. प्रमाण हिंदीत ‘ळ’ नाही. अशा भाषेच्या शेजारात वाढलेल्या मराठीत ‘ळ’ आणि ‘ण’ कसे उच्चारले जातात, हा पुढच्या अभ्यासकाचा पहिला प्रश्न असेल. त्याचे उत्तर अर्थ समजेल इतक्या मुद्रणातून मिळणार नाही. उच्चार समजेल इतके मुद्रण हवे.

वेदपठणाला ही कसोटी अधिकच लागू आहे. युनेस्कोने २००३ मध्ये मानवतेच्या मौखिक वारशात गौरवलेल्या आणि २००८ मध्ये प्रातिनिधिक सूचीत समाविष्ट केलेल्या या परंपरेत उदात्त, अनुदात्त आणि स्वरित हे स्वरभेद मूलभूत आहेत. मोबाइलमधील स्वयंचलित व्यवस्था मात्र मोठा आवाज दाबते, लहान आवाज उचलते आणि दीर्घ, स्थिर सुराला अनेकदा गोंगाट समजते. म्हणून शक्य तेथे ही सोय बंद करावी, पातळी हाताने ठरवावी आणि सर्वांत मोठा आवाजही कमाल मर्यादेच्या सुमारे १२ डेसिबल खाली राहील असे पाहावे. मर्यादा ओलांडून फाटलेला आवाज नंतर पूर्ववत होत नाही. हेडफोन लावून ऐकत राहणे हा सर्वांत स्वस्त विमा आहे.

प्रकाश : वाड्याच्या चौकाचा धडा

काशीत गंगा उत्तरेकडे वळते आणि घाट तिच्या पश्चिम तीरावर आहेत. सूर्योदयाचा प्रकाश त्यामुळे थेट पायऱ्यांवर पडतो. दुपारनंतर घाट सावलीत जातात आणि पलीकडची वाळू उजळते. त्या वेळी नदीकडे पाठ करून बसलेल्या माणसाचा चेहरा काळा पडतो, कारण स्वयंचलित कॅमेरा उजळ पार्श्वभूमीच्या हिशेबाने प्रकाश मोजतो. चेहऱ्यावर बोट टेकवून प्रकाश स्थिर करणे किंवा माणसाला दाराशी, बाहेरच्या उजेडाकडे तोंड करून बसवणे हे सोपे उपाय.

जुन्या वाड्यांच्या चौकात आकाशातून येणारा मऊ, सावली न टाकणारा उजेड चेहऱ्यासाठी उत्तम असतो. सत्यजित राय यांच्या ‘अपराजितो’ (१९५६) या चित्रपटात बनारसमधील घराचा असा चौक कोलकात्याच्या स्टुडिओत उभारला गेला. तो उजेड आणण्यासाठी छायाचित्रणकार सुब्रत मित्र यांनी वर पांढरे कापड ताणले आणि दिव्यांचा झोत त्यावर टाकून परावर्तित प्रकाश खाली घेतला. पुढे ही पद्धत छायाचित्रणात सर्वमान्य झाली. घरगुती चित्रणात पांढऱ्या चादरीवर दिवा टाकूनही तेच साधते.

रात्रीच्या चित्रणात पट्टे किंवा लुकलुक दिसण्याचे कारण विजेच्या कंप्रतेत आहे. भारतात वीजपुरवठा ५० हर्ट्‌झचा असल्याने अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. चौकटींचा वेग २५ आणि शटरचा वेग १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवल्यास हा दोष बहुधा नाहीसा होतो.

कथन : किती बोलावे, किती ऐकू द्यावे

साधने जुळली तरी कथा आपोआप घडत नाही. अमेरिकी चित्रपटकार रॉबर्ट गार्डनर यांचा ‘फॉरेस्ट ऑफ ब्लिस’ (१९८६) हा माहितीपट याच काशीवर आहे. सुमारे ९० मिनिटांच्या या चित्रपटात निवेदन नाही आणि संवादांचे भाषांतरही दिलेले नाही. एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंतचा काळ तीन व्यक्तींच्या दिनक्रमाभोवती गुंफलेला आहे. वल्ह्यांची करकर, लाकडे तोडल्याचे घाव, घंटा आणि पक्षी यांतूनच अर्थ उमलतो. परंतु जेथे माणसे बोलतात तेथे त्यांचे म्हणणे प्रेक्षकापर्यंत पोहोचत नाही, असा आक्षेप काही मानववंशशास्त्रज्ञांनी घेतला. तो वजनदार आहे. शहराचा आवाज ऐकवताना शहरातील माणसांचे शब्द गमावावेत का?

मराठी चित्रपटाने या प्रश्नाला आधीच एक उत्तर दिले होते. शांताराम यांच्या ‘कुंकू’मध्ये (१९३७) पार्श्वसंगीत वापरलेले नाही, घड्याळाच्या ठोक्यासारखे प्रसंगातले आवाजच ताण निर्माण करतात आणि माणसांचे बोलणेही ठसठशीत ऐकू येते. आठवणींच्या चित्रणालाही हाच मार्ग मानवतो. मागे बासरी किंवा सतार घालण्याचा मोह टाळावा. संगीत प्रेक्षकाला काय वाटावे ते सांगते आणि बोलणाऱ्याचे अडखळणे, थांबणे, हसणे झाकून टाकते.

मुलाखतीत प्रश्न व्यापक नसावा. ‘पूर्वीच्या काशीबद्दल सांगा’ म्हटले, की ठरावीक उत्तर येते. ‘गणपतीच्या दिवसांत आपल्या घरी सकाळी सर्वांत आधी कोण उठायचे?’ असे विचारले, की प्रसंग येतो. उत्तर संपल्यावर काही क्षण थांबावे. पुष्कळदा खरी गोष्ट त्या थांबण्यानंतर निघते. शेवटी सर्वांना शांत बसवून त्या जागेचा निव्वळ आवाज मिनिटभर मुद्रित करावा. संकलनात दोन वाक्यांमधील फट बुजवायला तोच लागतो.

जतन : अर्धे काम येथे

भारताचा पहिला बोलपट ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ रोजी प्रदर्शित झाला. आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. ‘अयोध्येचा राजा’ मात्र वाचला आणि उपलब्ध असलेल्या भारतीय बोलपटांत तो सर्वांत जुना मानला जातो. तारामतीचा आवाज आज ऐकू येतो, तो प्रत जपली गेली म्हणून.

घरगुती चित्रणाचेही तसेच आहे. व्हॉट्सॲपवर पाठवलेली प्रत आकुंचित असते; मूळ फाइल वेगळी ठेवावी. किमान तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यांपैकी एक दुसऱ्या गावी, हा संग्राहकांचा साधा संकेत आहे. फाइलच्या नावात दिनांक, ठिकाण आणि बोलणाऱ्याचे नाव असावे. चित्रणाच्या आरंभीच ही माहिती तोंडी घ्यावी आणि वापराची संमतीही तेथेच नोंदवावी. नाव नसलेले मुद्रण काही वर्षांनी कोणाचेच राहत नाही.

घाटाचे चित्र उद्याही काढता येईल. पायऱ्या तेथेच आहेत, सूर्यही त्याच बाजूला उगवेल. पंचाऐंशी वर्षांच्या आजींचे बोलणे मात्र एकदाच मिळते. त्यामुळे वेळ थोडा आणि साधने मोजकी असतील, तेव्हा कॅमेऱ्याआधी मायक्रोफोनची जागा ठरवावी.