डोंगर नव्हे, पठाराची कड

रत्नागिरीहून कोल्हापूरला निघालं की साखरप्याच्या पुढे सह्याद्रीची भिंत अंगावर येते. आंबा घाट चढून माथ्यावर पोचलो की वाटतं, आता पलीकडे तेवढाच उतार लागेल. तो लागत नाही. जमीन मंदपणे पूर्वेकडे कलत जाते, बस्स. कोकणातून ज्याला आपण पर्वत म्हणतो, ती दख्खनच्या पठाराची तुटलेली पश्चिम कड आहे.

सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा पुन्हा पुन्हा वाहिला आणि थरावर थर साचले. पुढे सेशेल्सचा भूभाग भारतापासून विलग झाला, पश्चिमेची जमीन खचली आणि उघड्या पडलेल्या कडेला पावसाने कुरतडायला सुरुवात केली. आज हा कडा किनाऱ्यापासून इतका आत दिसतो, कारण कोट्यवधी वर्षं तो मागे मागे सरकत आला आहे, असं भूशास्त्रज्ञ मानतात.

घाटरस्त्यासाठी फोडलेली दरड जवळून पाहावी. काळ्या कातळाच्या दोन थरांमध्ये कुठे कुठे विटकरी पट्टा दिसतो, नखाने खरवडला तर भुकटी पडते. एक लाव्हा थंड झाला, त्याचा माथा झिजून माती झाली, मग वरून दुसरा लाव्हा आला आणि ती माती भाजून निघाली. दोन लाव्ह्यांमधला तो सगळा निवांत काळ तेवढ्या वीतभर पट्ट्यात आहे! मऊ थर लवकर झिजतात, टणक थर टिकतात, म्हणून डोंगराला पायऱ्या पडतात. या खडकाचं ‘ट्रॅप’ हे नावही पायरीसाठी असलेल्या स्वीडिश शब्दावरूनच आलं.

जूनमध्ये समुद्रावरचे ढग या भिंतीला अडून वर चढतात आणि कोसळतात. मारळच्या मार्लेश्वराजवळचा धारेश्वर धबधबा ऐन पावसात पाहिला की या उंचीचा अर्थ कळतो. काजळी, शास्त्री या पश्चिमेच्या नद्या तिथून जेमतेम एका दिवसाच्या वाटेवर समुद्राला मिळतात. उलट महाबळेश्वरला उगवणारी कृष्णा, अरबी समुद्र इतका जवळ असून, सुमारे 1400 किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला जाते.

तिला मिळणाऱ्या कोयनेचं पाणी मात्र माणसाने वळवलं. शिवसागर जलाशयातून ते बोगद्यांनी कड्याच्या पोटातून पोफळीकडे सुमारे 500 मीटर खाली सोडलं जातं, त्यावर वीज तयार होते आणि पाणी वाशिष्ठीत येतं. म्हणून भर मे महिन्यात, आसपासचे पऱ्ये कोरडे पडलेले असतानाही, चिपळूणची वाशिष्ठी वाहत असते.