माकडताप आणि गोचिडाचे तीन यजमान

गुरांच्या कानांत आणि कासेजवळ चिकटलेले टपोरे गोचीड खेड्यातील मुलांनी पाहिलेलेच असतात. बोलताना आपण त्यांना किडे म्हणतो. पण गोचीड हा कीटक नव्हे. कीटकाला सहा पाय असतात, पूर्ण वाढलेल्या गोचिडाला आठ. त्याचे नाते कोळी व विंचू यांच्याशी आहे. ज्यांच्या पाठीवर टणक ढाल असते ते कठीण कवचाचे गोचीड. नराची ढाल सगळी पाठ झाकते, मादीची फक्त पुढचा भाग. म्हणूनच मादी रक्त पिऊन कितीतरी पट फुगू शकते.

गोचिडाला उडता येत नाही. तो गवताच्या पात्यावर पुढचे पाय पसरून वाट पाहतो. जवळून जाणाऱ्या प्राण्याचा उच्छ्वास आणि अंगाची ऊब त्याला पुढच्या पायांवरील ज्ञानेंद्रियाने कळते. चिकटल्यावर तो काटेरी सोंड कातडीत रुतवून काही दिवस रक्त पितो. त्याच्या लाळेमुळे रक्त गोठत नाही आणि दंशही फारसा जाणवत नाही. रोगजंतू शिरतात ते याच लाळेतून.

१९५७ साली कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि आसपासच्या गावांत तापाची साथ आली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील (आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था) शास्त्रज्ञांनी तिचा विषाणू शोधला. हाच आपल्याकडील 'माकडताप'. २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात त्याचे रुग्ण आढळले.

रोग पसरतो कसा?

या रोगाचा मुख्य वाहक गोचीड आयुष्यात तीन यजमान बदलतो. अंड्यातून सहा पायांची अळी निघते. उंदीर, घुशी, पक्षी किंवा माकड यांचे रक्त पिऊन ती गळून पडते व कात टाकते. तिचे आठ पायांचे निंफ होते. अळीने घेतलेला विषाणू निंफच्या शरीरात टिकून राहतो. निंफ पुन्हा रक्त पिऊन प्रौढ होते. प्रौढ मादी बहुधा गुरांवर पोसते आणि जमिनीवर हजारो अंडी घालून मरते.

गुरांच्या रक्तात हा विषाणू फारसा वाढत नाही. परंतु अंड्यांसाठी लागणारे रक्त गुरेच पुरवतात. म्हणजे गुरांमुळे वाढतात ते गोचीड. विषाणू वाढतो माकडांत. आजारी माकड मेले की त्याच्या अंगावरील बाधित गोचीड तेथेच पसरतात. माणसाला चावते ते मुख्यतः निंफ, आणि ते इतके लहान असते की सहसा दिसत नाही. निंफांचा हंगाम डिसेंबर ते मे. काजू वेचण्याचा, जळण व पालापाचोळा आणण्याचाही हाच काळ.

काय करावे?

एकाएकी तीव्र ताप, डोकेदुखी, अंग मोडून येणे, उलट्या, क्वचित रक्तस्राव ही लक्षणे. शंभरातील सुमारे तीन ते पाच रुग्ण दगावतात. विषाणूवर खास औषध नाही, म्हणून रुग्णाला लगेच रुग्णालयात न्यावे. एका माणसाकडून दुसऱ्याला हा रोग होत नाही. रुग्णाला वाळीत टाकण्याचे कारण नाही.

रानात जाताना अंगभर कपडे घालावेत, उघड्या अंगाला गोचीड दूर ठेवणारे तेल लावावे आणि परतल्यावर गरम पाण्याने आंघोळ करून अंग तपासावे. चिकटलेला गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावा. बोटांनी चिरडू नये, रॉकेल ओतू नये.

मेलेले माकड दिसले तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवावे. रानालगतच्या शाळांत हे सर्वप्रथम शिकवायला हवे, कारण असे माकड बहुधा मुलांनाच आधी दिसते.