चाचणीत पास, मग भरवसा किती?

मुक्ताईनगरच्या माणसाला रेल्वेने जायचे तर भुसावळ किंवा बोदवड गाठावे लागते. गाडीत बसलो की आपला जीव ड्रायव्हरच्या आणि सिग्नलच्या हवाली. आता त्यांच्या जोडीला सॉफ्टवेअरही आले आहे. मनमाड-नांदेड मार्गावर बसवलेली ‘कवच’ ही भारतीय यंत्रणा त्यातलीच. रुळांवरचे टॅग, रेडिओ संदेश आणि इंजिनातला संगणक यांच्या आधारे ती धोका ओळखते. ड्रायव्हरने ब्रेक लावला नाही, तर स्वतः लावते.

४ मार्च २०२२ रोजी दक्षिण मध्य रेल्वेवर गुल्लागुडा-चिटगिड्डा स्थानकांदरम्यान दोन गाड्या समोरासमोर आणून तिची चाचणी झाली. इंजिन ३८० मीटर आधीच थांबले. पण मंडळी, एकदा थांबले म्हणजे दरवेळी थांबेल का?

विहिरीवरची मोटर बिघडण्याआधी तापते, आवाज करते. सॉफ्टवेअर झिजत नाही. त्यातली चूक पहिल्या दिवसापासून आत असते आणि योग्य वेळ येताच उघडी पडते. १९९१ साली आखाती युद्धात धाहरान येथे पेट्रियट क्षेपणास्त्र यंत्रणा सलग शंभर तास चालू होती. तिच्या घड्याळात सेकंदाच्या सुमारे एक तृतीयांश एवढा फरक साचला. येणारे क्षेपणास्त्र तिला सापडले नाही आणि २८ सैनिक गेले. थोडा वेळ चालवून पाहिले असते, तर ही चूक दिसलीच नसती.

मग किती चाचण्या पुरेत? संख्याशास्त्राचा एक सोपा ठोकताळा आहे. प्रत्यक्ष वापरासारख्या तीन हजार चाचण्या एकाही चुकीविना पार पडल्या, तर हजारात एकाहून कमी चूक होईल असे ९५ टक्के खात्रीने म्हणता येते. ‘कवच’साठी मात्र ‘सिल-४’ हा सर्वोच्च दर्जा लागतो. त्यात धोकादायक चूक दहा कोटी तासांत एकाहून कमी हवी, म्हणजे सुमारे ११,४०० वर्षांत एक! एवढी खात्री निव्वळ चाचणीने करायची, तर त्याच्या तिप्पट काळ यंत्र चालवावे लागेल. हजार इंजिने रात्रंदिवस चालवली, तरी ३४ वर्षे जातील.

म्हणून चाचणीला इतर आधार जोडावे लागतात. आज्ञावली ओळीओळीने तपासणे, बनवणाऱ्याखेरीज त्रयस्थाकडून परीक्षण, एकाच हिशोबाचा दोन संगणकांत पडताळा. शिवाय सॉफ्टवेअर बदलले की जुन्या निर्दोष धावण्याची पुण्याई आपोआप पुढे चालत नाही. जुलै २०२४ मध्ये ‘कवच’च्या ४.० आवृत्तीला मान्यता मिळाली. अशा प्रत्येक नव्या आवृत्तीला पुन्हा परीक्षेला बसावेच लागते.

आणि सर्वांत मोठा आधार जुनाच आहे. पूर्वीच्या हाताच्या सिग्नलची तार तुटली, तर हात आपोआप आडवा होई आणि गाडी थांबे. बिघाड कधीच होणार नाही, असे कोणीही सांगू शकत नाही. बिघडल्यावर यंत्र गाडी थांबवते की पुढे सोडते, हे मात्र आधी ठरवता येते. सुरक्षेचे कोणतेही यंत्र घेताना पहिला प्रश्न हाच विचारायला हवा.