दुकान बंद होतं, तेव्हा नेमकं काय बंद होतं?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

२०१८ सालच्या दिवाळीतली गोष्ट. ठाण्यात आमच्या सर्क्युलेटिंग लायब्ररीच्या भिंतीवर नेहमीप्रमाणे दिवाळी अंकांची यादी लागली होती. तिच्या शेजारी हाताने लिहिलेला एक कागद होता. ‘येत्या गुढीपाडव्याला आपली लायब्ररी बंद होत आहे. सभासदांनी आपली अनामत रक्कम त्याआधी घेऊन जावी.’

मी तो कागद दोनदा वाचला. ‘बंद’ या शब्दापेक्षा ‘आपली’ हा शब्द मला जास्त लागला. आपली आहे, तर मग आम्हाला न विचारता बंद कशी होते?

लायब्ररी म्हणजे तळमजल्यावरची एक खोली. १९८३ साली काकांनी ती सुरू केली. वर त्यांचं घर, खाली पुस्तकं. काका काउंटरवर, दुपारी ते जेवायला गेले की काकू, आणि शाळा सुटली की त्यांचा मुलगा. मागच्या बाजूला बाइंडिंगला जाणाऱ्या पुस्तकांचे गठ्ठे आणि एक लांब बाक. त्या बाकावर दर शनिवारी संध्याकाळी आम्ही आठ-दहा जण जमायचो. दोन शाळामास्तर, एक बस कंडक्टर, एक परिचारिका, एक बँकेतले गृहस्थ आणि राबोडीतून चालत येणारा मी. ज्याने जे लिहिलं असेल ते वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं आणि मग भांडायचं. वरून काकूंचा चहा यायचा. माझ्या पहिल्या संग्रहातली एकही कविता अशी नाही, जी आधी त्या बाकावर वाचली गेली नाही. अब्बा एकदा म्हणाले होते, ‘तुझं लग्न झालं नसतं तर तू तिथेच राहायला गेला असतास.’

तर त्या दिवशी मी काउंटरवर जाऊन तावातावाने म्हणालो, ‘काका, असं कसं बंद करता? आम्हाला विचारायचं तरी!’ काका काही बोलले नाहीत. मागे अंकांना पुठ्ठे चढवत बसलेल्या काकू म्हणाल्या, ‘विचारलं असतं तर तुम्ही सगळे नको म्हणाला असता. आणि मग?’

या ‘आणि मग?’ला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजचं हे बोलणं म्हणजे ते उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे.

पहिल्यांदा अशी लायब्ररी चालते कशी, ते पाहू. सभासद होताना आपण अनामत रक्कम भरतो. ती मालकाची कमाई आहे असं बऱ्याच जणांना वाटतं. प्रत्यक्षात ते कर्ज असतं, मागितल्या दिवशी परत द्यायचं. कमाई ती फक्त महिन्याच्या वर्गणीची. तिच्यातून जागेचं भाडं, वीज, नवी पुस्तकं, बाइंडिंग आणि न परतलेल्या पुस्तकांचा तोटा भागवायचा. दिवाळी हा सुगीचा काळ. ठरावीक पैसे भरायचे आणि पुढचे काही महिने हवे तेवढे अंक वाचायचे, ही योजना आपल्याकडच्या लायब्ऱ्यांचा मोठा आधार. १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाने दिवाळी अंक काढला आणि मराठीत ही प्रथा रुजली. तिच्या जोरावर कितीतरी छोटी दुकानं वर्ष काढत आली. पण दिवाळीत पूर्ण किमतीला घेतलेला अंक पाडव्यानंतर रद्दीच्या भावाला येतो. त्याचे पैसे मधल्या चार-पाच महिन्यांतच सुटले पाहिजेत. त्यासाठी एकेक अंक अनेक घरांत फिरला पाहिजे. सभासद कमी झाले की अंक तेवढेच घ्यावे लागतात, फिरतात मात्र कमी.

आणि सरकारी मदत? ती अशा दुकानाला नसते. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली मान्यता मिळालेल्या वाचनालयांना अ, ब, क, ड अशा वर्गांप्रमाणे अनुदान मिळतं. त्यासाठी सार्वजनिक संस्था असावी लागते. एका कुटुंबाचं दुकान ही सार्वजनिक संस्था नाही, मग तिथे कितीही सार्वजनिक काम होवो.

अशा जागा कशा बंद पडतात, हे मी यापूर्वीही पाहिलं होतं. मी फोर्टातल्या एका छापखान्यात मुद्रितशोधक होतो. जेवणाच्या सुट्टीत काळा घोड्यापर्यंत चक्कर व्हायची. त्या परिसरातल्या तीन जागा तीन वर्षांच्या आत गेल्या. तिन्ही एकेका घराने चालवलेल्या, आणि तिन्ही जाण्याची मुख्य कारणं वेगवेगळी.

जहांगीर कलादालनातलं ‘समोवार’ हे उपाहारगृह उषा खन्ना यांनी १९६४ साली सुरू केलं. रेल्वेच्या डब्यासारखी लांबट, अरुंद जागा. चित्रकार, कवी, विद्यार्थी तिथे एका चहावर तास-दोन तास बसत आणि त्यांना कोणी उठवत नसे. ३१ मार्च २०१५ रोजी ते बंद झालं. गिऱ्हाईक आटलं म्हणून नव्हे, शेवटच्या दिवशीही तिथे गर्दी होती. जागा कलादालनाची होती, तिच्यावरून बराच काळ न्यायालयात वाद चालला होता. अखेर जागा सोडावी लागली.

समोरच्या बाजूला थोड्या अंतरावर ‘ऱ्हिदम हाउस’. १९४० च्या दशकात सुरू झालेलं संगीताचं दुकान. तिथे गाणं ऐकून मग विकत घ्यायची सोय होती. मी पुष्कळदा ऐकलं आणि क्वचितच विकत घेतलं. कोणी हटकलं नाही. २९ फेब्रुवारी २०१६ ला ते दुकान बंद झालं. इथे विकायचा मालच हातातून निसटला. आधी चोरट्या प्रती आल्या, मग गाणं मोबाइलवर आलं. तबकडी, कॅसेट, सीडी अशी एकेक वस्तू येत होती तोवर दुकान बदलत गेलं. पण गाण्याला वस्तूच लागेनाशी झाल्यावर दुकानाने काय ठेवावं?

तिसरं फोर्टातलं ‘स्ट्रँड बुक स्टॉल’. टी. एन. शानभाग यांनी १९४८ साली स्ट्रँड सिनेमागृहातल्या एका कोपऱ्यात ते सुरू केलं आणि पुढे फोर्टात आणलं. वाचकाला परवडावं म्हणून ते सवलतीत पुस्तकं देत, कोणाला काय आवडतं ते लक्षात ठेवत. पुस्तकविक्रीच्या कामासाठी २००३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २००९ साली ते गेले. घरच्यांनी त्यानंतर नऊ वर्षं दुकान चालवलं आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये बंद केलं. तोवर सवलतीतलं पुस्तक घरपोच मिळू लागलं होतं. ज्यांच्याशी दोन शब्द बोलायला लोक वाट वाकडी करून येत, ते शानभागही नव्हते.

या तीन उदाहरणांवरून मला एक गोष्ट कळली. अशी जागा तीन पायांवर उभी असते. जागा, माल आणि माणूस. ‘समोवार’चा पहिला पाय गेला, ‘ऱ्हिदम हाउस’चा दुसरा, ‘स्ट्रँड’च्या बाबतीत दुसरा आणि तिसरा दोन्ही डळमळले. आमच्या काकांचे तिन्ही पाय एकदम कुरकुरत होते. इमारत पुनर्बांधणीला जायची होती, सभासद घटले होते, काकांचे गुडघे गेले होते आणि मुलगा पुण्यात नोकरीला होता. मुलाने दुकान नाकारलं, यात त्याचाही दोष नाही. शाळा सुटल्यावर खेळायला न जाता तो आमच्यासाठी काउंटरवर बसायचा. त्याने आपला वाटा तेव्हाच दिला होता.

पण आणखी एक पाय असतो, तो आपल्याला दिसत नाही. तो म्हणजे आपण. कागद वाचून मी तावातावाने बोललो, त्याच्या दुसऱ्या दिवशी अनामत रक्कम घ्यायला म्हणून गेलो. काकांनी वही उघडली. माझी वर्गणी सहा वर्षांपूर्वी थांबली होती. मी पुस्तकं नेत होतो, ‘लिहून ठेवा काका’ म्हणत होतो आणि काका लिहून ठेवत होते. शनिवारच्या आम्हा आठ-दहा जणांत वर्गणी भरणारे तिघेच निघाले. लायब्ररी ‘आपली’ होती ती बसण्यापुरती. भाडं भरायच्या दिवशी ती काकांची एकट्याची असे.

मी थकलेले पैसे काढले. काकांनी अनामत त्यातून वळती केली, उरलेले घेतले आणि पावती दिली. नको, राहू द्या, असं म्हणाले नाहीत. ते बरंच झालं.

मग आम्ही काही जण त्यांच्याकडे गेलो. म्हटलं, आम्ही मिळून चालवतो. काकांनी शांतपणे विचारलं, ‘अनामत कोण परत करणार? भाडेपट्टी कोणाच्या नावावर? तुमच्यात भांडण झालं तर लोक कोणाकडे येणार?’

प्रश्न रास्त होते. लोकांनी एखादी गोष्ट चालवायची तर त्यासाठी वेगळी रचना लागते. किमान सात माणसं, घटना, १८६० च्या कायद्याखाली नोंदणी, धर्मादाय आयुक्तांकडे नोंद, दरवर्षी हिशेब तपासणी, निवडणुका. हे कटकटीचं आहे, पण त्याचा फायदाही आहे. आमच्याच ठाण्यातलं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली उभं राहिलं. त्याच्या संस्थापकांपैकी वि. ल. भावे १९२६ साली गेले, संग्रहालय मात्र टिकून आहे. संस्थेत माणूस गेला तरी खुर्ची राहते. घराने चालवलेल्या जागेत तसं नसतं. पण संस्थेत रात्री साडेनऊला ‘अजून एक कविता होऊ द्या’ म्हणून दिवा चालू ठेवणारं कोणी नसतं, वरून चहाही येत नाही. घराचा हा मऊपणा आणि संस्थेचं ते टिकाऊपण, दोन्ही एका ठिकाणी मिळणं कठीण. आपण छत्तीस वर्षं मऊपणा घेतला आणि शेवटी टिकाऊपण मागायला गेलो.

काका-काकूंनी लायब्ररी बंद कशी केली, तेही सांगण्यासारखं आहे. त्यांनी पाच महिने आधी सांगितलं. दिवाळी अंकांचा हंगाम पूर्ण केला, कारण त्याचे पैसे लोकांनी आधीच भरले होते. वहीतून एकेक नाव काढून अनामत परत केली. जे आले नाहीत, त्यांच्या जुन्या पत्त्यांवर पोस्टकार्डं टाकली. पुस्तकं रद्दीत घातली नाहीत. आधी सभासदांना निवडू दिली, उरलेली दोन शाळांना दिली. आणि शनिवारच्या मंडळींसाठी काकूंनी एक कागद केला. प्रत्येकाचं नाव, फोन आणि पत्ता. इतकी वर्षं एकमेकांचे फोन नंबर घ्यायची आम्हाला गरजच पडली नव्हती. शनिवारी तिथे गेलं की सगळे भेटत. लायब्ररी नुसती बंद झाली असती, तर आम्ही एकाच शहरात राहून एकमेकांना हरवलो असतो.

दुकान बंद होतं तेव्हा काय बंद होतं, याचं माझं उत्तर आता असं आहे. बंद होते ती एका घराने आपल्यासाठी घेतलेली मेहनत. माणसांचं येणं-जाणं त्याबरोबर बंद झालंच पाहिजे असं नाही. पण ते चालू ठेवायचं तर ती मेहनत आता आपण वाटून घ्यावी लागते. काकूंच्या ‘आणि मग?’चा अर्थ तोच होता. तुम्ही नको म्हणाल, आम्ही थांबू, आणि मग पुन्हा आम्हीच ओढत राहू.

तुमच्या गल्लीत अशी एखादी जागा असेल. लायब्ररी असेल, इराण्याचं हॉटेल असेल, जिथे बाकावर चार माणसं बसतात असं न्हाव्याचं दुकान असेल. तिथे पुढच्या वेळी गेलात तर आधी आपली बाकी भरा. मग मालकाला दोन गोष्टी विचारा. जागेचं काय, आणि तुमच्यानंतर कोण? उत्तर गोड नसेल. पण कागद भिंतीवर लागल्यावर विचारण्यापेक्षा आधी विचारलेलं बरं.

२०१९ च्या पाडव्यानंतर आमचा शनिवार काही आठवडे चुकला. मग एकाने त्या कागदावरून सगळ्यांना फोन केले. आता आम्ही आळीपाळीने एकेकाच्या घरी जमतो. टाळेबंदीच्या काळात फोनवरच जमलो. काहींनी येणं सोडलं, दोन नवी मुलं आली. काका-काकूही येतात. इतकी वर्षं काउंटर सांभाळताना काकांनी आमची एकही कविता पूर्ण ऐकली नव्हती, हे त्यांनीच सांगितलं. आता बसून ऐकतात, आणि मला फारसं बरं म्हणत नाहीत.

मागच्या खेपेला बैठक माझ्या घरी होती. चहा मीच केला होता. काकूंनी एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. ‘पाणी जास्त झालंय,’ त्या म्हणाल्या, ‘पण करत राहा.’