गावाकडे गाडी महिनोन्‌महिने उभी असते? मग थंडीला नाही, 'या' गोष्टींना घाबरा

नोव्हेंबर उजाडला की इन्स्टाग्रामवर ठरावीक रील्स यायला लागतात. कॅनडा नाहीतर जर्मनीतला एखादा गडी आपली स्पोर्ट्स कार धुतो, बॅटरीला चार्जर लावतो, कव्हर घालतो आणि थेट उन्हाळ्यापर्यंत शटर ओढून घेतो. ते बघून आपल्याकडच्या पोरांनाही प्रश्न पडतो, आपल्या टर्बो गाडीलाही हे करावं लागतं का?

जुन्नर-आंबेगावात हा प्रश्न अगदीच हवेतला नाही. माणूस नोकरीला मुंबईत किंवा परदेशात आणि हौसेनं घेतलेली गाडी गावच्या घरासमोर, अशी घरं इथं कमी नाहीत. गाडी निघते ती जत्रेला नाहीतर दिवाळीला. मधले महिने ती उभीच.

तिकडे गाडी झाकून का ठेवतात?

कारणं दोन. एक म्हणजे, बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. ते उडून गाडीच्या तळाला बसतं आणि पत्रा गंजतो. दुसरं, स्पोर्ट्स कारचे उन्हाळी टायर साधारण ७ अंशांच्या खाली कडक होतात आणि त्यांची पकड सुटते. जर्मनीत तर १९९७ पासून वर्षातल्या ठरावीक महिन्यांपुरती नंबरप्लेट मिळते. टॅक्स आणि विमाही तेवढ्याच महिन्यांचा.

मग आपल्याकडे काय?

जुन्नरमध्ये पहाटे हुडहुडी भरते, पण रस्त्यावर ना बर्फ ना मीठ. उलट हिवाळा हा इथं गाडी चालवायचा सगळ्यात चांगला काळ. गाडीला खरा त्रास होतो तो जून ते सप्टेंबर. माळशेज, नाणेघाट, आहुपेच्या पट्ट्यात ओल हटतच नाही. पूर्वेला मंचर-नारायणगावकडे पाऊस कमी, पण घराशेजारी धान्य असलं की उंदीर आलेच.

'थंडीनं बॅटरी गेली' हे अर्धसत्य

गाडी बंद असली तरी घड्याळ, लॉक, अलार्म थोडा करंट खातात. समजा, तो ३० मिलिअँपिअर आहे. म्हणजे दिवसाला ०.७२ अँपिअर-अवर आणि महिन्याला साधारण २१. बॅटरी ४५ अँपिअर-अवरची असेल, तर महिन्याभरात ती जवळपास निम्मी झाली. अशी अर्धमेली बॅटरी जानेवारीच्या पहाटे मान टाकते, कारण थंडीत इंजिन ऑइल घट्ट होतं आणि बॅटरीचा जोरही कमी पडतो. खापर फुटतं थंडीवर, पण घात झालेला असतो पावसाळ्यात.

उपाय सोपा आहे. गाडी महिन्यापेक्षा जास्त उभी राहणार असेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा. जमलं तर आपोआप बंद होणारा चार्जर वापरा. पूर्ण चार्ज बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. १२.४ च्या खाली गेली की चार्ज करा.

बाकी काय करायचं?

• हँडब्रेक ओढून ठेवू नका, ओलीत ब्रेक चिकटतात. गाडी सपाट जागी गिअरमध्ये ठेवा आणि चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळे लावा.
• टाकी भरून ठेवा. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते ओलावा ओढतं. टाकीत हवा कमी, तर ओलावाही कमी.
• प्लास्टिकची ताडपत्री थेट गाडीवर नको, आत वाफ कोंडते. हवा खेळती राहील असं कापडी कव्हर घाला. गाडी आधी धुऊन नीट वाळवा.
• टायरमध्ये हवा पूर्ण ठेवा आणि दोन-तीन आठवड्यांनी गाडी थोडी पुढे-मागे सरकवा, नाहीतर एकाच जागी भार येऊन टायर चपटे होतात.
• गाडी धान्याच्या आणि पेंडीच्या पोत्यांपासून लांब लावा. डांबरगोळ्या ठेवल्या तरी वास उडाला की उंदीर परत येतात. बॉनेट अधूनमधून उघडून बघणं हाच खात्रीचा उपाय.

'पोराला सांगितलंय, रोज पाच मिनिटं चालू कर'

हे सगळ्यात जास्त ऐकायला मिळतं आणि हेच चुकतं. पाच मिनिटांत इंजिन नीट तापत नाही, सायलेन्सरमध्ये पाणी साचतं आणि स्टार्ट करायला गेलेला करंटही पुरता भरून निघत नाही. त्यापेक्षा पंधरवड्यातून एकदा मंचर-नारायणगाव अशी अर्ध्या-पाऊण तासाची चक्कर मारा. शर्यतीचा बैलही नुसता दावणीला बांधून ठेवत नाहीत, त्याला पळवावंच लागतं.

एक कागदाचं कामही विसरू नका. विम्याची मुदत संपून ९० दिवस उलटले, तर नो क्लेम बोनस जातो. गाडी उभी असली तरी ही तारीख थांबत नाही.

आणि बऱ्याच दिवसांनी गाडी काढताना चावी फिरवण्याआधी बॉनेट उघडा, वायरी बघा, गाडीखाली तेल सांडलंय का ते पाहा. पहिले दोन-तीन ब्रेक अंगणातच मारून बघा. माळशेजच्या उतारावर ब्रेक लागत नाही हे कळून उपयोग नाही.